दगडीपाल्याची बातमी

"पेठकर, ही शिवकन्या राऊत काढून टाका."

डॉ. होनरावांनी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि सातव्या ओळीवर बोट टेकवलं.

"काढून कशी टाकू, सर? मुलगी आहे ना अजून."

"तक्त्यातून काढा म्हणतोय मी. तीन आठवडे झाले, आलेली नाही. तिला धरलं तर उपचार सोडून गेलेली मुलं पाच होतात. चाळिसात पाच. आणि आपलं वाक्य काय आहे?"

वाक्य मीच लिहिलेलं होतं, त्यामुळे पाठ होतं. 'आमच्या केंद्रात दहापैकी एकच मूल उपचार अर्धवट सोडतं.' इंग्रजीत ते याहून भारदस्त दिसायचं.

"चार असली तरच ते वाक्य उभं राहतं," सर म्हणाले. "एका पोरीपायी अख्खा पेपर पाडायचा का?"

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात टायपिस्ट होतो. एम.ए. इंग्रजी, दुसरा वर्ग. व्हायचं होतं प्राध्यापक, झालो टायपिस्ट, आणि टायपिस्टाच्या पगारात प्राध्यापकाचं काम करत होतो. होनराव सर विभागप्रमुख. मुलांच्या कर्करोगाचा वॉर्ड त्यांचाच. त्यांच्या नावावर दोन जातींचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, निघत. एक मुलांच्या कर्करोगाच्या उपचारांवर आणि दुसरे झाडपाल्याच्या रसायनावर. समोरच्या फार्मसी कॉलेजातली पोरं पाला वाळवायची, त्याचा अर्क काढायची, काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांच्यावर तो घालायची. पेशी मेल्या की पेपर. नाही मेल्या तर पाला बदलायचा. एका पेपरावर अकरा लेखक होते, त्यातले सहा एकमेकांना ओळखत नव्हते.

लिहायचं कोण? मी. सर खुर्चीत मागे रेलून हवेत हात फिरवायचे. "पेठकर, साधारण असं असं आहे. जरा वजनदार करा." मी वजनदार करायचो. मग टाइप केलेली प्रत त्यांच्यापुढे जायची. सर सगळ्यात आधी आपलं नाव बघायचे, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि पेन काढून एकच शब्द बदलायचे. कधी 'महत्त्वाचा'चा 'लक्षणीय', कधी उलटं. तो शब्द बदलला की पेपर त्यांचा. माझं नाव शेवटी आभारात, तेही जागा उरली तर.

आता खोटं कशाला बोलू, डॉक्टर म्हणून माणूस वाईट नव्हता. निदान पक्कं. तापानं फणफणलेलं पोर त्यांनी हात लावला की रडायचं थांबायचं. पण छापून आलेल्या आपल्या नावापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे. जित्याची खोड.

मी तक्ता घेऊन बसलो. एवढ्यात दारात साळवे सिस्टर. वॉर्डाच्या इन्चार्ज. अंगानं किरकोळ, आवाजानं पहिलवान.

"ती राऊतांची पोर कुठाय, पेठकर?"

"मला काय विचारता? मी कारकून माणूस."

"तुमच्याकडेच तक्ता असतो म्हणून विचारते. पहिला टप्पा पार पडलाय तिचा. रक्तात खराब पेशी दिसत नाहीत. घरच्यांना वाटत असणार, बरी झाली. बरी नाही झालेली. आजार दडून बसलाय. पुढची इंजेक्शनं चुकली की तो परत येतो, आणि परत येतो तो असा की आमचं औषध मग त्याला मोजत नाही. अजून आठवडाभरात आली तर ठीक. नंतर आणून नुसतं कुरवाळत बसायचं."

"खर्चाचं काही?"

"सगळं योजनेत आहे तिचं, जेवणासकट. फोन करून करून बोट झिजलं माझं. नंबर शेजारच्या किराणावाल्याचा आहे, तो उचलून ठेवतो. मला रविवारची ड्यूटी. तुम्ही मोकळे आहात."

"मी?"

"मग काय मी विभागप्रमुखांना धाडू?"

साळवे सिस्टरांशी वाद घालणारा माणूस त्या इस्पितळात नव्हता. रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी पाथरवाडीला निघालो, बायकोची बोलणी पदरात बांधून.

शिवकन्येच्या बापाचं, बिभीषण राऊतचं, पाथरवाडीच्या चौकात सलून होतं. एक खुर्ची, एक आरसा, बाकावर दोन म्हातारे. त्यांना दाढी करायची नव्हती, पेपर वाचायचा होता. बिभीषणनं मला कधी बघितलेलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं खुर्ची झटकली, गळ्याला पांढरं फडकं बांधलं आणि गालाला फेस लावायला घेतला. म्हटलं, बरं झालं, बसल्या बसल्या बोलता येईल.

"शिवकन्या कशी आहे?" मी विचारलं.

त्याचा ब्रश थांबला. "तुमी कोण?"

"इस्पितळातनं आलोय. होनराव सरांच्या ऑफिसातनं."

"असं म्हना की!" त्याचा चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं. "साहेबांनी चौकशीला धाडलं व्हय? सांगा त्यास्नी, पोरगी ठणठणीत हाय. तुमच्या औषधानं गुण आलाय म्हनावं."

"पण ती तीन आठवडे आलीच नाही औषधाला."

"त्या न्हवं, ह्या." त्यानं वस्तऱ्यानं आरशाकडे दाखवलं.

आरशाच्या वरच्या कोपऱ्यात, मारुतीच्या फोटोखाली, जिल्ह्याच्या पेपरातलं कात्रण चिकटवलं होतं. सरांचा कोट घातलेला फोटो. त्याखाली ठळक अक्षरं: 'दगडीपाल्याने रक्ताच्या कर्करोगावर मात. डॉ. होनराव यांचे महत्त्वपूर्ण संशोधन.'

दगडीपाला म्हणजे बांधाबांधावर उगवणारं तण. गुडघा फुटला की आपण लहानपणी चुरगाळून लावायचो ते.

"दोन टाइम वाटीभर रस," बिभीषण सांगत होता. हात पुन्हा सुरू झाला होता. "कालिंदा, म्हंजे हिची आई, पाट्यावर वाटती. ताजा. तुमच्या सुईनं पोरीच्या तोंडात फोड यायचे, पानी गिळवत न्हवतं. आता भाकरी खाती."

"फोड गेले ते सुया थांबल्या म्हणून. आणि ती बरी दिसते ते आधीच्या सुयांनी."

"सासरे म्हनत हुते, देवऋष्याकडं न्हेऊ," माझं न ऐकताच तो म्हणाला. "म्या म्हनलं, आजिबात न्हाई. आपल्यात अंधश्रद्धा चालत न्हाई. डाक्टर सांगंल ते. छापून येईल ते."

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "शिकल्यालं गिऱ्हाइक हाय बिभीषण."

मी म्हटलं, शांतपणे समजावून सांगावं. वस्तरा गळ्यावर असताना माणूस शांतच बोलतो. "हे बघा, तो प्रयोग माणसावर केलेला नाही. काचेच्या बशीत पेशी असतात, त्यांच्यावर केलाय. बशीत काय, साबणाचं पाणी घातलं तरी पेशी मरतात."

"कुठं लिवलंय?"

"काय?"

"बशीचं. मला तर अख्खी बातमी पाठ हाय." आणि त्यानं म्हणून दाखवली, शाळेत कविता म्हणतात तशी. "'दगडीपाल्याच्या अर्काने रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी अवघ्या अठ्ठेचाळीस तासांत नष्ट झाल्या. आपल्या बांधावरची ही वनस्पती उद्या हजारो चिमुकल्यांना जीवदान देईल, असा विश्वास डॉ. होनराव यांनी व्यक्त केला.' ह्यात बशी कुठाय?"

बशी होती. मूळ मजकुरात होती. 'काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी' असं लिहिलेलं होतं, कारण तो मजकूर मी लिहिला होता. पेपरवाल्यांना द्यायची मराठी बातमी माझीच. वाक्यन् वाक्य माझं. 'हजारो चिमुकल्यांना जीवदान' हेसुद्धा. सर म्हणाले होते, "पेठकर, बशी काढा हो. लोकांना चहाची वाटेल." मी हसलो होतो आणि बशी खोडली होती. तेवढीच ओळ सुटसुटीत झाली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

ते सांगायला पाहिजे होतं, तिथेच, तेव्हाच. पण मी गळ्यावरच्या वस्तऱ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, भ्यालो. वस्तऱ्याला नव्हे. तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती बदलेल, याला भ्यालो.

त्याऐवजी मी शहाणपणा केला. "राऊत, तिला जे इंजेक्शन देतात ना, त्यातलं एक मूळचं सदाफुलीच्या झाडातलं आहे. म्हणून कुणी सदाफुली वाटून पितं का? प्यायली तर विषबाधा होईल. त्यातलं औषध वेगळं काढायला वर्षानुवर्षं घालवली लोकांनी."

"म्हंजे ते बी झाडपाल्याचंच की," बाकावरचा म्हातारा म्हणाला.

"आणि आपला दगडीपाला सदाफुलीपरास गुणाचा," दुसऱ्यानं पुस्ती जोडली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बिभीषण माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता.

"इस्पितळात विचारलं का नाही कुणाला?" मी म्हणालो.

"इचारलं असतं तर म्हनले असते, सुया बी घ्या." त्यानं वस्तरा पुसला. त्याचा आवाज खाली आला. "पाठीत सुई घालताना चौघं जनं धरत्यात तिला. गठुडं करून. मला भाईर काढत्यात. दाराच्या भाईर मी उभा, आन आतनं ती मला हाका मारती. साहेबांनी बांधावरचं औषध शोधलंय म्हनल्यावर कशाला धरायची पोरगी? तुमी धराल का तुमची?"

माझी धाकटी त्याच वयाची होती.

तेवढ्यात शिवकन्या आली. सात वर्षांची, डोक्यावर नुकतं उगवलेलं मखमली जावळ, हातात स्टीलची वाटी. तिच्या मागं कालिंदा, तिची आई. बाईच्या बोटांची टोकं पाला वाटून वाटून हिरवी झाली होती.

"मला हे नको, कडू लागतंय," शिवकन्या म्हणाली.

"पी गं, साहेबांचं औषध हाय," बिभीषण म्हणाला. पोरीनं नाक दाबून वाटी तोंडाला लावली. मी तिच्या पायांकडे बघत होतो. फ्रॉकच्या खाली, पोटरीवर दोन निळे डाग होते. खेळताना कुठल्याही पोराला पडतात. पण हा आजार सुरू होताना काय काय दिसतं त्याची यादी मी इतक्या वेळा टाइप केली होती की हे डाग त्यात कितवे ते मला पाठ होतं.

"हे डाग कधीचे?"

"खाटेला आपटली," कालिंदा म्हणाली. पण म्हणताना तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. "तुमी डाक्टर हाईसा का?"

"नाही. टायपिस्ट."

बाकावरचे दोघं खो खो हसले. बिभीषण हसला नाही. त्यानं माझ्या गळ्याचं फडकं सोडलं आणि नीट घडी घालत म्हणाला, "राग मानू नगा. पर डाक्टर छापून सांगतोय आन टायपिस्ट तोंडानं सांगतोय, मी कुनाचं ऐकू? साहेबांस्नी म्हनावं, तसं असंल तर लिहून द्या. त्यांच्या कागदावर, त्यांच्या सहीनं. उद्याच्या उद्या घिऊन येतो."

त्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत. साहेबांचा माणूस म्हणून.

सोमवारी सर येताच मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. डाग सांगितले, कात्रण सांगितलं, बापाची अट सांगितली. पाच ओळी लिहून द्या म्हटलं. मीच लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा.

सरांनी चष्मा काढला. "विभागाच्या कागदावर? माझ्या सहीनं? की माझ्या पाल्याचा उपयोग नाही?"

"पाल्यानं ती बरी होणार नाही, एवढंच."

"पेठकर, तुम्हाला कळतंय का काय म्हणताय? पुढच्या पंधरवड्यात अनुदानाची समिती येतीये. झाडपाल्याच्या प्रकल्पासाठी. असा कागद उद्या कुणाच्या हाती लागला तर? बातमीत आपण खोटं काहीच लिहिलेलं नाही. पेशी नष्ट झाल्या. झाल्या की नाही?"

"बशीत झाल्या."

"ते लोकांनी समजून घ्यायचं." मग थोडे मऊ झाले. "हे बघा, मलाही वाईट वाटतं. तुम्ही फोन करा एकदा, आणि शेऱ्यात लिहा, 'संपर्काचा प्रयत्न केला.' आणि ऐका, बातम्या वाचून पालक उपचार सोडतात, हा विषय चांगला आहे. त्यावर वेगळा पेपर होईल. आजच मथळा टाइप करून ठेवा."

मी बाहेर आलो. डोकं नुसतं तापलं होतं. बातमीनं पोर मारायची आणि मेली की त्यावर पेपर काढायचा. आणि दोन्हीकडे लिहिणारा मीच.

साळवे सिस्टर बाकावर गोळ्या मोजत होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी नुसतं एवढं विचारलं, "सहीचा शिक्का कुणाकडे असतो?"

सरांना दाखल्यांवर सह्या करायला वेळ नसे, म्हणून त्यांच्या सहीचा रबरी शिक्का बनवून घेतला होता. तो माझ्या खणात असायचा. दाखले, रजेचे अर्ज, पेपरांची पत्रं, सगळ्यांवर मीच मारायचो.

"नोकरी जाईल माझी," मी म्हणालो.

"जाईल," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा गोळ्या मोजायला लागल्या.

मी मशीनला कागद लावला. इतकी वर्षं सरांच्या नावानं लिहिलं, कधी हात अडखळला नव्हता. त्या दिवशी तीन कागद फाडले. वजनदार काही सुचेना, आणि ते बरंच झालं. शेवटी उतरलं ते असं:

'श्री. बिभीषण राऊत यांस, दगडीपाल्याचा प्रयोग मी काचेच्या बशीतल्या पेशींवर केला. कोणत्याही मुलावर केलेला नाही. बातमीत हे लिहिलं नाही, ही मोठी चूक झाली. पाल्याच्या रसाने शिवकन्या बरी होणार नाही. ती आज बरी दिसते ती इस्पितळातल्या औषधांमुळे, आणि ती औषधं अजून संपलेली नाहीत. आजार आत आहे. दिवस फार थोडे आहेत. पत्र मिळताच तिला घेऊन या.'

सिस्टरांनी वाचलं. म्हणाल्या, "एक ओळ वाढवा. पाठीत सुई देताना बापाला आत बसू देऊ."

"तसा नियम आहे?"

"आजपासून आहे. मला कुणी विचारलं नाही तर मीही कुणाला विचारत नाही."

मी ओळ वाढवली, खाली शिक्का मारला, पाकीट चिकटवलं आणि पाथरवाडीला मुक्कामी जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं. सलूनवाल्याला द्या म्हटलं. घरी येऊन जेवलो नाही.

मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी सरांचा राउंड चालू होता. पाठीमागे चार विद्यार्थी, त्यांच्या मागे फायली घेऊन मी. आणि वॉर्डाच्या दारात बिभीषण. कडेवर शिवकन्या, मागे कालिंदा. पत्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं.

त्यानं पोरीला खाली ठेवलं आणि सरांचे पाय धरले. "साहेब, कंडक्टरनं तुमचं पत्र काल रातच्याला दिलं. तसाच निघालो."

"कुठलं पत्र?" सर म्हणाले.

बिभीषणनं पिशवीतून कागद काढून सरांच्या हातात दिला. "हेच. तुमीच लिवलंय न्हवं? न्हाई, हे टायपिस्ट आधी यून गेलते, म्हनून मनात जरा शंका आली. तुमचं नसंल तर सांगा. आमी जातो माघारी."

विद्यार्थी बघत होते. साळवे सिस्टर सलाइनची बाटली हातात धरून जागच्या जागी उभ्या होत्या. 'नाही' म्हणायला सरांना अर्धा क्षण पुरला असता. बाप पोरीला उचलून निघून गेला असता, आणि मी त्या दिवशीच घरी.

सरांनी कागद डोळ्यांपुढे धरला. आधी खाली बघितलं. नाव होतं, सही होती. मग पहिल्यापासून वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मी इतकी वर्षं तो चेहरा बघत आलो होतो. त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. पेन निघालं. भिंतीला कागद टेकवून त्यांनी एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. 'चूक' खोडून 'गैरसमज'.

आणि म्हणाले, "हो. मीच लिहिलंय."

आजही सांगतो, त्यात त्यांनी काही विचारबिचार केला नव्हता. दुसऱ्यानं लिहिलेलं आपलं म्हणायची सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की तोंडातून तेच बाहेर पडलं. त्या सवयीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्या दिवशी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो.

बिभीषणनं बदललेला शब्द वाचला. "गैरसमज कुनाचा, साहेब?"

"पेपरवाल्यांचा," सर म्हणाले. "काहीही छापतात."

"कुनाचा का आसंना," कालिंदा मागून म्हणाली. "पोरीला सुई लावा आधी."

साळवे सिस्टरांनी शिवकन्येला उचललं सुद्धा. पेपरवाल्यांचा गैरसमज मी तसाच राहू दिला. मी काय बोलणार होतो? पोरगी खाटेवर पोचली होती.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डाग खरंच खाटेचे होते. आजार परतलेला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, वेळेत आली. आणि त्या दिवशी पाठीत सुई देताना बिभीषण आत बसला होता. पोर रडली, पण चौघांची गरज पडली नाही, दोघांत भागलं.

संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. "शिक्का इकडे द्या." मी दिला. मला वाटलं, आता मेमो. सर तक्ता चाळत होते. "ती राऊत परत आत घ्या. आली म्हटल्यावर सोडून गेलेली चारच राहिली. वाक्य टिकलं." दोन दिवस शिक्का त्यांच्या खणात राहिला. तोवर सहीचे सत्तर दाखले साठले, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे परत आला. पत्राबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांचा पेपर निघाला: डॉक्टरांनी मातृभाषेत स्वतः पत्र लिहिलं तर पालक उपचारांना परत येतात. त्यासाठी सोडून गेलेल्या बाकीच्या चौघांनाही पत्रं गेली, शिक्क्यासकट. दोन आले, दोन यायच्या पलीकडे गेले होते. पेपर अर्थात मीच लिहिला.

गेल्या वर्षी सरांचा निवृत्तीचा सत्कार झाला. मीही निवृत्त, पण बोलावणं आलं म्हणून गेलो. व्यासपीठावर पहिल्या रांगेत चोवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. जाड वेणी, चष्मा. शिवकन्या राऊत. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते, असं सूत्रसंचालकानं सांगितलं. सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "एका बापाला मी पत्र लिहिलं. भरल्या ताटावरून उठलो होतो मी तेव्हा. लिहिताना डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं." सभागृह गहिवरलं. बघत होतो मी त्यांच्याकडे. ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना ते सगळं आठवायला लागलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. "तुम्ही पेठकर काका ना? बाबा सांगतात, तुम्ही गावी आला होतात."

"आलो होतो. कसे आहेत बाबा?"

"मजेत. सलून वाढवलंय. सरांचं पत्र फ्रेम करून लावलंय आरशावर." ती हसली आणि मग म्हणाली, "एक विचारू? ती दगडीपाल्याची बातमी कुणी लिहिली होती हो? त्यात बशीचं नव्हतं म्हणून सगळं झालं. सर म्हणतात, पेपरवाल्यांनी. मी त्या पेपरात जाऊन विचारलं. ते म्हणाले, आम्हाला कॉलेजकडून आलं तसं छापलं. बाबा अजून त्या माणसाला शिव्या घालतात. म्हणतात, एकदा समोर यावा."

सगळ्या आयुष्यात मी इतकं लिहिलं आणि त्यातलं एकही अक्षर कुणाला माझं वाटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी लेखक कोण ते विचारत होतं.

"मी लिहिली," मी म्हणालो. "बशी होती त्यात. मी खोडली. सरांनी सांगितलं म्हणून खोडली, पण हात माझा होता. तुझ्या बाबांना तेव्हाच सांगणार होतो. धीर झाला नाही."

माझ्या हातातला चहा निवत होता.

"आणि पत्र?" तिनं विचारलं.

"पत्र सरांचं," मी म्हणालो. "ते हो म्हणाले नसते तर तो नुसता कागद होता."

तिला किती कळलं, मला माहीत नाही. मुलगी हुशार होती, कळलं असावं. मग म्हणाली, "बाबांना सांगू?"

"सांग."

तिनं पर्समधून फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या लावला. "बाबा, बातमीवाला माणूस सापडला," एवढंच म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे कात्रीचा आवाज येत होता. तो थांबला.

"बोला," बिभीषण म्हणाला.